तेरावा महिना

जळगावच्या एसपी ऑफिसात, परदेशी नागरिकांच्या टेबलाशी
पंखा नाही. पावरा मॅडम फाईलने वारा घेतात.
ती फाईल बहुतेक आमचीच असते.

आडनाव?
नाही, म्हणतो तामरात. वडिलांचं नाव आहे फक्त.
रकाना रिकामा ठेवलेला कॉम्प्युटरला चालत नाही,
म्हणून तिथे दोनदा लिहिलंय, तामरात तामरात,
शेताच्या दुसऱ्या टोकाहून
कुणी हाका माराव्यात तसं.

एकतीस मेला त्याचा विद्यार्थी व्हिसा संपला.
प्रबंध त्याआधीच जमा झालेला,
तापीकाठच्या खारवट मातीवर, तीनशे बारा पानं.
लग्न नोंदणी कचेरीत. साक्षीदार त्याचे गाईड,
माझी मामेबहीण, आणि ऐनवेळी
हाताला शाई घेऊन धावत आलेला झेरॉक्सवाला.

पेंडिंग आहे, म्हणतात मॅडम.
पेंडिंग म्हणजे बेकायदा नाही. पावती जवळ ठेवा.
नोकरी नको. आणि देशाबाहेर तर नकोच,
गेलात तर अर्ज गेला समजा.
लॅमिनेट करू नका हं, शिक्का मारावा लागतो.

तेव्हापासून ती पावती
पापडाच्या पिशवीत, त्याच्या शर्टाच्या खिशात असते.
शेचाळीस अंशात, दूध आणायला जातानासुद्धा.

चौकशीला आलेल्या हवालदाराने
समोरच्या कोल्हे काकूंना विचारलं,
खरंच नवरा-बायको आहेत का हे?
काकू म्हणाल्या, भांडतात ना रोज, नळ आला की.
त्याने ते लिहून घेतलं.

रात्री त्याची आई फोनवर येते.
तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन लांबलंय.
ती स्क्रीनच्या इतकी जवळ येते
की आम्हाला नुसतं कपाळ दिसतं.
कधी येतोस, विचारते. तो म्हणतो, पागुमेत.
पागुमे त्यांचा तेरावा महिना, पाच दिवसांचा.
कुठल्या वर्षीचा
ते तो सांगत नाही.

तेरावा तर आमच्याकडेही चालू होता.
अधिक जेठ. वर्षभर न बोललेल्या आईचा
बामणोदहून फोन आला,
धोंड्याचा महिना आहे व माय,
जावायाले घेऊन ये.
मी आधी पावरा मॅडमना विचारलं.
यावल तालुका ना? जिल्ह्यातच आहे, जा.

ताटात दिवा, तेहतीस अनारसे.
तामरातने ते मनातल्या मनात मोजले,
आता सगळंच मोजायची सवय लागलीय त्याला.
बाबा ओसरीवर, पाठ करून.
चाळीस वर्षं फ्रूटसेल सोसायटीचे हिशेब लिहिले त्यांनी.
माझ्या लग्नानंतर त्यांनी माझ्याशी
शिलकीच्या रकमेइतकंही बोलणं ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी तो एकटाच केळीत शिरला.
घड उतरवून टाकून दिलेल्या खांबांपाशी
उकिडवा बसला, हात फिरवत.
बाबा मागे येऊन उभे राहिले.
हे फेकता तुम्ही? त्याने विचारलं.
आमच्याकडे अशीच झाडं असतात, पण केळं खात नाहीत.
खांब खरवडून खड्ड्यात पुरतात, महिनोन्महिने.
आंबलं की भाकरी.

खांबाची? बाबा म्हणाले.
वर्षातला पहिला शब्द, आणि तोही प्रश्न.

मग बांधावर बसून बराच वेळ
पाऊस, महिने, तेरावा कसा धरता,
सालं कशी मोजता.
आत्ता कितवं चालू आहे तुमच्याकडे?
दोन हजार अठरा.
बाबांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला, थांबले,
पुन्हा एकदा फिरवला.
म्हणजे तुझ्या हिशेबानं, म्हणाले,
व्हिसा अजून आठ वर्षं आहे की.

सोमवारी मॅडमनी पावती उजेडाला धरली.
खिशात अनारसा होता? म्हणाल्या.
तुपाचा डाग सोडून
कोपऱ्यात उरलेल्या कोरड्या जागेवर
शिक्का मारला.